नववा परिच्छेद

इंद्रजीत ताठे वकिलांनी शपथपत्राचा मसुदा शनिवारी मोबाईलवर पाठवला. मोनालीनं कोपऱ्यावरच्या दुकानातून तो छापून आणला आणि रविवारी सकाळपासून आईच्या मागं लागली, की एकदा वाचून घे. सही उद्या कोर्टातच व्हायची होती, पण चूक असेल तर आजच सांगा, असं वकिलांनी बजावलं होतं. मालनबाई म्हणाल्या, आधी पाणी येऊ दे. पुंडलिकनगरात त्या दिवशी नळाची पाळी होती, आठवड्यावर एक दिवस उलटून आलेली. गल्लीभर ड्रम, पाईप आणि मोटारींचा आवाज. वाळूजहून रात्रपाळी करून आलेला मोनालीचा भाऊ सम्यक आतल्या खोलीत झोपायचा प्रयत्न करत होता आणि दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन टाकी किती भरली ते बघून जात होता. खरं तर त्यालाही झोप नव्हती.

मोनाली बँकेत होती, सुट्टी टाकून आली होती. खटला करायचा हट्ट पहिल्यापासून तिचाच. बारा जूनला तिनं औरंगपुऱ्यातल्या दुकानात ते नवं पुस्तक बघितलं आणि तिथंच पायरीवर बसून घेतलं. 'वायरमन: वाचा आणि करा'. तेच नाव, त्याच आकृत्या. जिन्याच्या दिव्याच्या आकृतीत बाबांच्या हातून एका टोकाचा आकडा चुकला होता, तो चुकलेला आकडासुद्धा तसाच. फक्त लेखकाच्या जागी बाबांचं, सांडू मगरे हे नाव नव्हतं. तिथं आकाश मगरे होतं. कचरूकाकाचा आकाश, तिचा चुलतभाऊ, वाळूजच्या एका खाजगी आयटीआयमध्ये शिकवणारा.

बाबांनी तीस वर्षं आयटीआयत शिकवलं होतं. इंग्रजी पुस्तकं पोरांना झेपत नाहीत म्हणून दोन हजार दोन साली त्यांनी हे लिहिलं, जसं वर्गात बोलायचे तसंच. ते गेल्यावर आकाश घरी आला होता, आवृत्ती सुधारायची म्हणून सगळ्या वह्या घेऊन गेला. तेव्हा घरातला कुणी त्याला का म्हणून विचारणार होता? तो घरचाच होता.

दावा चालायला वर्षं जातील, पण प्रवेश महिन्याभरात सुरू होणार होते. एकदा पुस्तक हजारो पोरांच्या दप्तरात गेलं की मग निकाल लागून उपयोग काय. म्हणून वकिलांनी दाव्याबरोबर तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज तयार केला होता. निकाल लागेपर्यंत छपाई आणि विक्री थांबवा, एवढीच मागणी. प्रकाशक आप्पासाहेब जुना खेळाडू होता. त्यानं आधीच कॅव्हेट टाकून ठेवलं होतं, म्हणजे त्याचं ऐकल्याशिवाय कोर्ट हुकूम देणार नव्हतं.

पाणी गेलं तसं मालनबाई पदराला हात पुसत आल्या, चष्मा लावला आणि वाचायला बसल्या. एकेक ओळ बोट ठेवून. मोनाली येरझाऱ्या घालत होती. आठ परिच्छेद झाले, नवव्यावर बोट थांबलं.

"हे खोटं हाये," त्या म्हणाल्या.

मोनालीनं वाकून बघितलं. नवव्या परिच्छेदात लिहिलं होतं, की मयताचं लिखाण दुसऱ्याच्या नावानं विकलं जात असल्याचं वादींना यंदा बारा जून रोजी प्रथमच समजलं.

"खोटं कसं? बारा जूनलाच तर मी तुला फोन केला."

"तुला बारा जूनला कळलं. मला मागल्या वैशाखात."

मागल्या वैशाखात देवगाव रंगारीला लग्न होतं. मांडवात आकाश आला, पाया पडला आणि पिशवीतून पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं. मोठी आई, बघा, मोठ्या बाबांचं पुस्तक परत काढलं. मालनबाईंनी नाव वाचलं. आकाशनंही त्या नाव वाचतायत हे बघितलं. दोघं काही बोलले नाहीत. त्यांनी पुस्तक पदराखाली घेतलं, घरी आणलं आणि गोधड्यांच्या खाली ठेवून दिलं. तेरा महिने.

सम्यक दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं विचारलं, का नाही सांगितलं. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

मालनबाईंनी जे सांगितलं ते दोघांना निम्मं माहीत होतं. सांडू शिकायला शहरात आला तेव्हा घरात एकालाच शिकवता येईल अशी गत होती. धाकट्या कचरूची शाळा चौथीत सुटली, तो दुसऱ्याच्या शेतावर गेला आणि आयुष्यभर तिथंच राहिला. सांडूसर म्हणायचे, माझ्या प्रत्येक पानाला कचरूचा हात लागलाय. मालनबाईंनी मांडवात तेच मनाशी म्हटलं. नाव आपल्या माणसाचं नाही तर नाही, त्या घरातल्या पोराचं लागलं. गेलं कुठं?

"मग आता का खटल्याला हो म्हणालीस?" मोनालीनं विचारलं.

"आता त्यांनी ते पाठ काढून टाकलं म्हनून."

यंदाच्या नव्या आवृत्तीत पहिलं प्रकरणच नव्हतं. 'हात लावण्याआधी', अकरा पानं. काम सुरू करण्याआधी काय काय तपासायचं, याचं. सुमेधचं प्रकरण, आकाशच्या थोरल्या भावाचं.

मोनालीनं वकिलांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. ताठे वकील म्हणाले की मनाई हुकमात सगळ्यात आधी विचारतात ते हेच. इतकी घाई होती तर इतके दिवस कुठं होता? तेरा महिने बसून राहिलात म्हटल्यावर कोर्ट म्हणेल, मग आणखी थोडं बसा, भरपाई निकालात बघू.

सम्यक म्हणाला, परिच्छेद आहे तसा राहू दे, कोण सिद्ध करणार आहे. मोनालीला वाटलं होतं की आपण त्याला दुजोरा देऊ. पण तिच्या तोंडून निघालं, "आकाश करेल. त्यानं स्वतःच्या हातानं दिलंय."

"त्यानं नाय केलं तरी मी त्यावर सही करनार नाय," मालनबाई म्हणाल्या. "तुमचे बाबा पोरांच्या जर्नलमध्ये उद्याची तारीख बी टाकू द्यायचे नाहीत."

वकिलांनी शेवटी सांगितलं की मग खरंच लिहू. आकाशच्या नावाची गेल्या वर्षीची आवृत्ती कधी कळली ते वेगळं, प्रकरण कापलेलं कधी कळलं ते वेगळं. पहिल्यासाठी हुकूम मिळेल असं धरून चालू नका. दुसऱ्यासाठी मी भांडतो.

फोन ठेवल्यावर सम्यक अंघोळीला गेला आणि मोनाली तो परिच्छेद पुन्हा वाचत राहिली. घाईनं तिनं वकिलांना आईला न विचारता तारीख दिली होती, हे आता तिला टोचायला लागलं.

*

कचरू दुपारी आला. कन्नडकडून येणाऱ्या एसटीनं मध्यवर्ती स्टँडला उतरला आणि रिक्षा न करता चालत आला, त्यामुळं टोपी घामानं चिकटली होती. मालनबाईंनी पाणी दिलं. त्यानं जय भीम घातला आणि भिंतीला टेकून खाली बसला. खुर्ची दिली तरी त्यावर बसला नाही.

रस्ताभर त्यानं काय बोलायचं ते जुळवलं होतं. आकाशनं त्याला एवढंच सांगितलं होतं, की मोठ्या आईनं केस टाकलीय, उद्या हुकूम झाला तर नोकरी जाईल. नोकरी गेली तर सुनेचं बाळंतपण तोंडावर आलंय. पोराचं चुकलं असेल, त्यानं नाव टाकायला नको होतं, पण घरातलं घरात मिटवा. हे सगळं त्यानं नीट सांगितलं, आवाज न चढवता. मग म्हणाला, "वैनी, मी तुमच्याकडं आजवर काय मागितलं नाय."

ते खरंच होतं, आणि ते खरं असल्यानं मालनबाईंना उत्तर देता येईना. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. सम्यकनं मोनालीकडं बघितलं. त्याच्या मनात आलं, मागं घ्यावी केस. सकाळपासून या घरातली हवाच घुसमटल्यासारखी झाली होती. तो आणि आकाश एका विहिरीत पोहायला शिकले होते. त्यानं तसं बोलूनही टाकलं, की काका म्हणतात त्यात तथ्य आहे, आकाशकडून लिहून घेऊ आणि सोडून देऊ.

मोनालीला ते सहन झालं नाही. ती म्हणाली, "काका, आकाशनं तुम्हाला अर्धंच सांगितलंय. नुसतं नाव बदललं नाही. यंदा त्यांनी सुमेधदादाचं प्रकरण काढून टाकलं."

"मोनाली," मालनबाई म्हणाल्या, पण उशीर झाला होता.

कचरूनं ते वाक्य समजून घ्यायला वेळ घेतला. "कंचं प्रकरण?"

त्याला माहीत नव्हतं असं नाही. भावानं पोरावर काही लिहिलंय हे त्यानं ऐकलं होतं. पण ते पुस्तक त्यानं घरात येऊ दिलं नव्हतं, आणि कुणी त्याला वाचूनही दाखवलं नव्हतं. मोनालीनं थोडक्यात सांगितलं. प्रकरणाच्या सुरुवातीला बाबांनी लिहिलं होतं, की देवगावचा एक मुलगा होता, सतरा वर्षांचा. त्याला कुणीतरी सांगितलं, लाईन बंद आहे. त्यानं विश्वास ठेवला आणि विजेच्या डीपीवर चढला, तो जिवंत उतरला नाही. तुम्ही कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, टेस्टर लावा, मगच हात लावा. वीस वर्षं पोरं तिथून शिकायला सुरुवात करत होती.

"आन् ते काढलं?"

"काढलं. परीक्षेत त्याच्यावर मार्क नाहीत म्हणे."

कचरू उठला. मालनबाईंनी जेवून जा म्हटलं, त्यानं मान हलवली. चपला घालताना त्याला अंगठा सापडेना. सम्यक सोडायला स्टँडपर्यंत गेला.

एसटीत खिडकीशी बसून कचरूनं डोळे मिटले आणि लगेच उघडले. मिटले की डीपी दिसायची. सव्वीस वर्षं झाली. पावसाची झड लागली होती, फ्यूज गेला होता, विहिरीवरची मोटर बंद. गावातली पोरं असले फ्यूज टाकायचीच, सुमेध तर आयटीआयला जायच्या गोष्टी करायचा. डीपीखाली उभं राहून सुमेधनं विचारलं होतं, नाना, लाईन बंद हाये ना? आणि कचरू म्हणाला होता, बंद हाये, चढ.

त्याला कुणीतरी सांगितलं. भावानं तसं लिहिलं होतं तर. सांडूला खरं माहीत होतं, कचरूनं त्या रात्री त्यालाच सांगितलं होतं. सांडूशिवाय कुणालाच नाही.

*

सोमवारी अदालत रोडवर कोर्टाच्या आवारात मालनबाईंनी दुरुस्त केलेल्या शपथपत्रावर सही केली. नवव्या परिच्छेदात आता दोन तारखा होत्या. साडेअकराला पुकारा झाला. आकाश आप्पासाहेबाच्या बाजूला बसला होता, दाढी वाढलेली. त्यानं मोठ्या आईकडं बघितलं नाही. थोड्या वेळानं मागच्या बाकावर कचरू येऊन बसला, कुणाच्याच बाजूला नाही.

ताठे वकिलांनी मनाई हुकमाला लागणारे तिन्ही मुद्दे मांडले. हक्क प्रथमदर्शनीच दिसतो, दोन हजार दोनचं छापील पुस्तक आहे, चुकलेली आकृतीसुद्धा जशीच्या तशी उचलली आहे. हुकूम दिला तर प्रकाशकाचा हंगाम लांबेल, नाही दिला तर वादींचं जे जाईल ते परत येणार नाही. प्रकाशकाचा वकील उठला आणि नेमका तिथंच आला. वादी स्वतः शपथेवर सांगतात, की त्यांना तेरा महिन्यांपूर्वी समजलं. पुस्तक भेट मिळालं, त्यांनी घेतलं, ठेवलं. याला संमती म्हणत नाहीत तर काय? मोनालीनं डोळे मिटून घेतले. सम्यकनं तिच्या हातावर हात ठेवला, कालपासून पहिल्यांदा.

न्यायाधीश मॅडमनी कागद खाली ठेवला आणि मालनबाईंकडं बघून विचारलं, की वर्षभर गप्प का राहिलात.

ताठे उठायला लागले, मॅडमनी हातानं त्यांना थांबवलं.

मालनबाई उभ्या राहिल्या. "नाव गेलं तवा फक्त आमच्या मालकाचं गेलं, बाई. ते मी सोसलं, घरातल्या घरात. पर त्या अकरा पानांनी पोरं जगतेत. ती पानं काढल्यावर गप राहायचा हक मला नव्हता."

प्रकाशकाचा वकील म्हणाला, सुरक्षेची माहिती पुस्तकात इतरत्र विखुरलेली आहेच. मॅडमनी विचारलं, कुठं, पान दाखवा. त्यानं आप्पासाहेबाकडं बघितलं, आप्पासाहेबानं आकाशकडं. आकाशनं पुस्तक हातात घेतलं, पण उघडलं नाही. "नाही," तो म्हणाला. "कुठं नाही."

हुकूम दुपारी सांगितला गेला. गेल्या वर्षीच्या आवृत्तीची विक्री थांबवण्यास नकार, कारण वादींनी विलंब केला. नव्या आवृत्तीची छपाई आणि विक्री पुढच्या तारखेपर्यंत बंद. मूळ लेखकाचं नाव आणि वगळलेलं प्रकरण पूर्ववत करण्यास प्रतिवादी तयार आहेत का, ते त्या दिवशी सांगावं. ताठे म्हणाले, एवढं मिळालं हेच पुष्कळ. आपण खोटी तारीख दिली असती तर आकाशच्या एका वाक्यानं सगळाच अर्ज पडला असता.

मोनालीला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. ती पायऱ्या उतरून खाली आली आणि तिला आकाश दिसला, कडुलिंबाखाली एकटा. आप्पासाहेब गाडीत बसून निघून गेला होता. ती सरळ त्याच्यापुढं गेली आणि विचारलं, की नाव ढापलंस ते समजू शकते मी, प्रकरण का काढलंस? सख्खा भाऊ होता तुझा.

मालनबाई आणि सम्यक येऊन पोचले होते. मागून कचरूही.

"नावाचं आप्पासाहेब म्हनले," आकाश सांगायला लागला. "मेलेल्या लेखकाचं पुस्तक कॉलेजवाले घेत नाहीत, तुझं टाकू. मला बी वाटलं, टाकू द्या. ते माझंच चुकलं." तो थांबला. "प्रकरणाचं त्यांनी नाय, मीच सांगितलं. सात वर्षं शिकवतोय मी. दर ऑगस्टला पहिल्या दिवशी नवी पोरं, आन् पहिलं पान ते. देवगावचा एक मुलगा. त्याला कुणीतरी सांगितलं. मला ते मोठ्यानं वाचावं लागतं. मी आठ वर्षांचा होतो, डीपीखाली उभा होतो, नानांच्या धोतराला धरून. कुणी सांगितलं ते मला माहीत हाये."

मालनबाईंनी कचरूकडं बघितलं. सम्यकनंही. कचरूनं टोपी काढली आणि हातात धरली. पोराला ठाऊक होतं. सव्वीस वर्षं त्याच्यासमोर जेवायला बसत होतं आणि त्याला ठाऊक होतं.

"मी म्हनलो होतो चढ म्हनून," तो मालनबाईंना म्हणाला. "दादाला माहीत होतं. त्यानं मला झाकलं. आन् ह्यानं बी झाकायलाच काढलं." मग म्हणाला, "पर सुमेध माझं पोरगं व्हतं. त्याचं काय छापायचं, काय काढायचं, ते मला कुनीच इचारलं नाय. दादानं बी नाय."

रस्त्यावरून हॉर्न वाजत होते. ताठे वकील फाईल काखेत धरून पायरीवर थांबले होते. जवळ यावं की नाही ते त्यांना कळेना.

मालनबाईंना काल दुपारपासून जे बोलता आलं नव्हतं ते आता सोपं झालं. "मंग मी इचारते, भावजी. ठेवायचं का काढायचं? तुम्ही काढा म्हनलात तर मी पुढल्या तारखेला कोर्टाला तसं सांगीन."

"आई," मोनाली म्हणाली.

कचरूचे ओठ हलत होते, जणू तो एकेक शब्द उचलून बघत होता.

"ठेवा," तो म्हणाला. "पर 'एक मुलगा' नगं. नाव घाला. सुमेध कचरू मगरे. आन् ते 'कुनीतरी' बी काढा. बापानं सांगितलं, असं लिहा. पोरं दुसऱ्याचं ऐकत नसतेत, बापाचं ऐकतेत. त्यांला ते कळू द्या."

आकाश म्हणाला, नाना, कशाला. गावभर होईल. कचरूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला.

मोनालीनं पर्समधून पेन काढलं. कागद नव्हता. सम्यकनं शपथपत्राची रद्द झालेली जुनी प्रत पुढं केली, मागची बाजू कोरी होती. पेन कुणी घ्यायचं ते ठरेना, मग ते आकाशनं घेतलं. गुडघ्यावर कागद ठेवून त्यानं बाप सांगेल तसं लिहिलं, एकही शब्द न बदलता. वाक्य संपल्यावर कचरू म्हणाला, तारीख बी टाक, कधी झालं त्याची.

तारीख आकाशनं आधीच टाकली होती.